लाल गोळी, आईचे दूध आणि आईचे रक्त

वस्त्यांमध्ये गरोदर आणि बाळंतीण महिलांबरोबर काम करताना एक प्रश्न हमखास येतो. 'ताई, मी गोळ्या नीट घेतल्या नाहीत, माझ्या दुधात काही कमी राहील का?' आणि त्याच घरातल्या सासूबाई लगेच म्हणतात, 'आता लेकरू बाहेर आलं, आता कशाला गोळ्या? दूध गरम पडंल उगाच.' दोघींचे म्हणणे उलट वाटते, पण मुळाशी समजूत एकच आहे. आईच्या तोंडात जे गेले तेच दुधात उतरते, ही ती समजूत. काही जीवनसत्त्वांच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. फोलेटच्या बाबतीत नाही. आणि ती खरी नाही म्हणूनच बाळंतपणानंतर गोळी बंद करणे महागात पडते. बाळाला नव्हे, आईला.

सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत दोन गोष्टी असतात. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. लोहाबद्दल सगळे बोलतात. फॉलिक ॲसिडचे नाव मात्र पाकिटावरच राहते.

फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व आहे, ब-९. शरीरात नवी पेशी तयार व्हायची तर डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि त्या कामाला फोलेट लागते. म्हणून जिथे पेशी वेगाने वाढतात तिथे त्याची गरज मोठी: गर्भ, तान्हे बाळ, आणि रोज नव्या तांबड्या पेशी तयार करणारा आपला अस्थिमज्जा. फोलेट कमी पडले की तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, संख्येने कमी आणि कामाला कुचकामी होतात. पालेभाज्या, हरभरा, चवळी, मूग, शेंगदाणे यांत असते ते फोलेट. गोळीत असते ते फॉलिक ॲसिड, म्हणजे त्याचे कारखान्यात बनवलेले, टिकाऊ रूप. शरीराला ते आधी बदलून घ्यावे लागते, मग वापरता येते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या जीवनसत्त्वाचा माग मुंबईत लागला, गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांच्या रक्तातून. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदर कामगार स्त्रियांना जीवघेणा रक्तक्षय का होतो, हे तिला शोधायचे होते. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिने काम केले. जंतू, संसर्ग असे सगळे तपासून झाल्यावर तिचे लक्ष त्यांच्या ताटाकडे गेले. यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रज घरांत पावाला लावून खातात ते मार्माइट, या बायकांना दिले तर रक्त भरून येते, हे तिने दाखवले आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्याला काही वर्षे 'विल्स घटक' म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. पुढे चारपाच वर्षांत तो प्रयोगशाळेत बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव.

त्याच १९२८ साली, त्याच मुंबईत, बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात कारखान्यातल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलत होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. प्रयोगशाळेत जिच्या रक्ताचा प्रश्न होता तिच्याच विश्रांतीचा प्रश्न सभागृहात होता. 'बाळंतपणानंतरसुद्धा' हा त्यातला भाग आपण आजही पुरता ऐकलेला नाही.

दूध काय घेते, कुठून घेते

आईच्या दुधातले पोषक घटक ढोबळमानाने दोन गटांत पडतात. पहिल्या गटातले घटक आईच्या शरीरात कमी झाले की दुधातही कमी होतात, आणि आईला दिले की दुधात वाढतात. ब-१२, ब-१, ब-२, ब-६, अ जीवनसत्त्व, आयोडीन हे या गटातले. दुसऱ्या गटातले घटक आईकडे कमी असले तरी दुधात बहुतांशी टिकून राहतात, आणि आईने जास्त खाल्ले म्हणून दुधात फारसे वाढत नाहीत. लोह, कॅल्शियम, जस्त आणि आपले फोलेट या दुसऱ्या गटात येतात. म्हणजे लाल गोळीतल्या दोन्ही गोष्टी दुसऱ्या गटातल्या आहेत.

असे का होते? दुग्धग्रंथी आईच्या रक्तातून फोलेट खेचून घेते. आईच्या रक्तद्रवात जेवढे फोलेट असते त्याच्या कितीतरी पट दुधात सापडते. दुधात फोलेटला घट्ट धरून ठेवणारे एक खास प्रथिन असते. त्यातले बहुतेक फोलेट बाळाच्या शरीराला थेट वापरता येईल अशा तयार रूपात असते. चांगल्या स्थितीतल्या आईच्या एक लिटर दुधात साधारण ८० ते ८५ मायक्रोग्रॅम फोलेट असते. पहिले सहा महिने बाळ दिवसाला सरासरी ७८० मिलिलिटर दूध पिते असे धरले, तर त्याला रोज ६५ मायक्रोग्रॅमच्या आसपास फोलेट मिळते, आणि तेवढे त्याला पुरते. पहिल्या दिवसांच्या चिकाच्या दुधात फोलेट कमी असते, पुढच्या काही आठवड्यांत ते वाढत जाते. हे वाचून कोणी चीक काढून टाकू नये. चिकाचे काम वेगळे आहे, तो बाळाची पहिली लस आहे.

आता मूळ प्रश्न. गरोदरपणात फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्याने दुधाची घडण बदलते का? ज्या आईचे पोषण बरे आहे तिच्या दुधातले एकूण फोलेट गोळीमुळे फारसे हलत नाही. दुधातली चरबी, साखर, प्रथिने यांवर तर या गोळीचा परिणाम असा काही नाहीच. दूध 'गरम' होत नाही, घट्ट होत नाही, बाळ काळे होत नाही. आईला शौचाला काळी होते ती लोहामुळे, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

चित्र बदलते ते तीव्र कमतरता असलेल्या आईत. तिच्या दुधातले फोलेट खरोखरच उतरते आणि गोळीने सुधारते. पण इथेही क्रम पाहा. अशा आईला थोड्या प्रमाणात फॉलिक ॲसिड दिले तर आधी दुधातले फोलेट वाढते, आईचे रक्त मागाहून सुधारते, असे जुन्या निरीक्षणांत दिसले आहे. आईच्या शरीराने आपला वाटा मागे ठेवून बाळाचा पुढे केलेला असतो.

म्हणजे दुधातले फोलेट टिकते याचा अर्थ ते आकाशातून येते असा नाही. ते आईच्या यकृतातून आणि रक्तातून येते. गोळी बंद झाली आणि ताटही रिकामे असेल, तर पुढच्या महिन्यांत दूध ठीक राहते आणि आईच्या रक्तातले फोलेट खाली खाली जाते. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार स्त्रीची रोजची फोलेटची गरज २२० मायक्रोग्रॅम आहे, गरोदरपणात ती ५७० होते आणि अंगावर पाजताना ३३०. बाळंतपण झाल्यावर ती पूर्वीच्या जागी येत नाही, दीडपट राहते.

म्हणून 'बाळासाठी गोळी घे गं' हे आपल्या आरोग्य संदेशांतले लाडके वाक्य मला खटकते. एक तर ते शास्त्राला धरून नाही, कारण बाळ आपला वाटा घेतेच. दुसरे म्हणजे, बाळ गुटगुटीत दिसले की घरात सगळ्यांना वाटते काम झाले. चक्कर येणारी, जिना चढताना धापा टाकणारी बाई 'बाळंतपणात होतंच असं' म्हणून सोडून दिली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. ही आजारी माणसांची नव्हे, घर चालवणाऱ्या बायकांची आकडेवारी आहे. 'तुझ्यासाठी घे' असे म्हणायला आपली जीभ का अडखळते, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे, वैद्यकाचा नाही.

जास्त म्हणजे चांगले, असे नाही

दुधाची घडण एका बाबतीत मात्र गोळीने बदलते. फॉलिक ॲसिडचे वापरायोग्य फोलेटमध्ये रूपांतर करण्याची यकृताची गती मर्यादित असते. एका वेळी फार आले तर काही भाग न बदलता तसाच रक्तात फिरतो आणि दुधातही उतरतो. अमेरिका आणि कॅनडात १९९८ पासून पिठातच फॉलिक ॲसिड मिसळले जाते, त्यावर अनेक आया गोळ्याही घेतात. तिथल्या अभ्यासांत अशा आयांच्या दुधात हे न बदललेले फॉलिक ॲसिड आढळले. यामुळे बाळांना अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे घाबरून गोळी टाकून देण्याचे कारण नाही. लाल गोळीतले ५०० मायक्रोग्रॅम हे १००० मायक्रोग्रॅमच्या सर्वमान्य वरच्या मर्यादेच्या निम्मेच आहेत.

प्रश्न आहे तो ५ मिलिग्रॅमच्या गोळीचा. औषधाच्या दुकानात ती स्वस्तात मिळते आणि 'ताकदीची' म्हणून सहज दिलीही जाते. ५ मिलिग्रॅम म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, लाल गोळीच्या दहापट. या मोठ्या मात्रेचे कारण असते. आधीच्या बाळाला पाठीच्या कण्याचा किंवा मेंदूच्या वाढीचा जन्मदोष असेल, आई फिट्सची काही औषधे घेत असेल, सिकलसेल असेल, तर डॉक्टर ती विचारपूर्वक देतात. असा जन्मदोष पुन्हा होणे ४ मिलिग्रॅमच्या मात्रेने ७२ टक्क्यांनी टळते, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने दाखवले. कारण असेल तर ती गोळी मोलाची आहे. कारण नसताना ती घेण्यात एक छुपा धोका आहे, आणि तो ब-१२ चा आहे.

फोलेट आणि ब-१२ जोडीने काम करतात. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड भरपूर दिले तर रक्तक्षय वरवर बरा दिसतो, पण मज्जातंतूंचे नुकसान आतून चालू राहते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये ब-१२ कमी होते, आणि फोलेटची कमतरता जवळपास कोणातच नव्हती. ज्या आयांचे फोलेट जास्त आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याचा कल सर्वाधिक दिसला. मधुमेहाकडे जाणारी वाट तिथून सुरू होते.

आणि ब-१२ हे पहिल्या गटातले आहे, हे विसरू नका. आईच्या शरीरात नसेल तर दुधात येणार नाही. दूध भरपूर येते आहे, बाळ पितेही आहे, पण ब-१२ नाही, अशी बाळे आपल्या देशात नवी नाहीत. सहा महिन्यांनंतर ती फिकी पडतात, हसेनाशी होतात, मान धरलेली असूनही सोडतात, हातपाय थरथरतात. असे दिसले तर नजर, दृष्ट यांत वेळ न घालवता थेट बालरोगतज्ज्ञांकडे जावे. वेळेत ओळखले तर उपचार साधा आहे.

ब-१२ मिळते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. आपल्या घरांत मांसाहार चालतो, त्यामुळे आपल्याला याची काळजी नाही, असे कार्यकर्ते मला सांगतात. घरात काय शिजते हे विचारून भागत नाही, तिच्या ताटात काय पडते हे विचारावे लागते. फोडी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात, तिला रस्सा, तोही शेवटी. बाळंतिणीला तर 'बाधेल' म्हणून अंडे-मासळी काही आठवडे बंदच. सुकट, बोंबील ही स्वस्तातली ब-१२ ची खाण आहे. कलेजीत ब-१२ आणि फोलेट दोन्ही आहेत, बाळंतपणानंतर ती खुशाल द्यावी. बाळंतिणीला मेथी-शेपू देण्याची जुनी रीत चांगलीच आहे, फक्त भाजी उकळून पाणी फेकायचे नाही, फोलेट त्या पाण्यात जाते आणि फार शिजवल्याने नष्टही होते. हरभरा-चवळी 'वातूळ' म्हणून महिनोन्महिने बंद करण्याचे काही कारण नाही. दूध वाढवायच्या पावडरीचा महागडा डबा घेण्यापेक्षा तेवढ्या पैशात अंड्यांचे ट्रे येतात.

जाता जाता शेळीच्या दुधाबद्दल. आईचे दूध पुरत नाही असे वाटले की काही घरांत तान्ह्याला शेळीचे दूध देतात, ते हलके म्हणून. शेळीच्या दुधात फोलेट अगदीच नगण्य असते. केवळ त्यावर वाढलेल्या बाळांना फोलेटच्या अभावाने रक्तक्षय होतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे.

विदर्भातल्या घरांसाठी वेगळी सूचना

सिकलसेल हा आजार विदर्भात आदिवासी समाजांबरोबरच बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आढळतो. नागपूर भागात त्याची नोंद १९५० च्या दशकापासून आहे. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवस. म्हणजे शरीराला सतत नव्या पेशी बनवाव्या लागतात आणि फोलेट झपाट्याने संपते. अशी बाई गरोदर राहिली किंवा अंगावर पाजत असली, तर मागणी तिहेरी होते. डॉक्टर अशा रुग्णांना बहुधा रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड देतात. लोहाचे मात्र तसे नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते, त्यामुळे लोह असलेली लाल गोळी त्यांनी तपासणी करून, डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. जे केवळ वाहक आहेत, ज्यांच्या कार्डावर 'एएस' लिहिलेले असते, त्यांना हे बंधन नाही, त्यांनी इतरांसारखीच गोळी घ्यावी. आणि सिकलसेल दुधातून बाळाला जात नाही. तो आईवडिलांच्या जनुकांतून येतो. या गैरसमजापायी बाळाला अंगावरून तोडू नये.

आता गोळ्या मिळण्याबद्दल. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस रोज एक लाल गोळी, असा नियम आहे. त्याआधीच्या तीन महिन्यांत, आणि शक्यतो गर्भधारणेच्या आधीपासून, ४०० मायक्रोग्रॅम नुसते फॉलिक ॲसिड घ्यायचे असते, कारण बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी पहिल्या २८ दिवसांतच मिटते. तोवर पाळी चुकल्याचे अनेकींच्या लक्षातही आलेले नसते. वर-दीड वर्षात दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि पहिल्या बाळाच्या दुधाने आईचा साठा उपसून गेलेला असेल, तर दुसऱ्या बाळाचे ते २८ दिवस रिकाम्या कोठारावर जातात. बाळंतपणानंतरच्या गोळीचा बाळाशी खरा संबंध असलाच तर तो असा आहे, पुढच्या बाळाशी.

देशात गरोदरपणात पूर्ण १८० दिवस गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया २६ टक्के आहेत, असे पाचव्या सर्वेक्षणात दिसते. गोळी न घेण्याची कारणे बायकांना विचारली की मळमळ, बद्धकोष्ठ, विसर ही येतात. त्यांवर उपाय साधे आहेत. रात्री जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम, आणि कॅल्शियमची गोळी निराळ्या वेळी घ्यावी. पण बाळंतपणानंतरच्या गोळीचे एक कारण बायकांकडे नसते, ते यंत्रणेत असते. पहिले बाळंतपण माहेरी होते. नाव नोंदलेले असते सासरच्या गावात, बाई असते माहेरच्या गावात. सासरच्या आशाताई म्हणतात ती इथे नाही, माहेरच्या म्हणतात ती आमच्या यादीत नाही. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांचे तर दोन्ही याद्यांतून नाव गळते. माझ्या पाहण्यात अशा बायकांना बाळाच्या लशी मिळतात, कारण लशीच्या दिवशी बाळ मोजले जाते. आईची गोळी मोजायला कोणी उरत नाही.

तुमच्या वस्तीत दर महिन्याला आरोग्य व पोषण दिवस होतो, लसीकरण त्याच दिवशी असते. त्या दिवशी एखाद्या कार्यकर्त्याने अंगणवाडीत जाऊन, सहा महिन्यांच्या आतले बाळ असलेल्या किती जणींना लाल गोळ्यांची पाकिटे दिली, एवढे विचारावे. त्यात माहेरी आलेल्या लेकी किती आणि कामावरून परतलेल्या किती, हेही विचारावे. नाव सुटले असेल तर माता व बाल संरक्षण कार्ड घेऊन तिला तिथेच आशाताईंच्या वहीत नोंदवून घ्यावे आणि पाकिटे तिच्या हातात द्यायला लावावीत, सासूबाईंच्या नव्हे.